मा. उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: गालिचा त्यांना, १२० दिवस आम्हाला

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बड्या कंपन्यांशी होणाऱ्या करारांत लघुउद्योजकांसाठी एक कलम घालण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे, म्हणून पत्र एका पानात संपवायचे ठरवून बसलो होतो. पण गेल्या आठवड्यात आलेली ई-मेल पुन्हा उघडली आणि एका पानाचा बेत तिथेच मोडला.

मी भोसरी एमआयडीसीत छोटे मशीन शॉप चालवतो. गाड्यांना लागणारे भाग करतो. पंधरा-वीस माणसे आहेत, दोन पाळ्या चालतात. चालत होत्या म्हणायला हवे. माझे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एक परदेशी कंपनी आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण नाव छापून आले की जे पैसे अडकलेत त्यांच्यावरही पाणी सोडावे लागेल. हे आपल्याला माहीत नसेल असे नाही. उद्योगखाते सांभाळणाऱ्या माणसाला भोसरी-चाकणचा व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा लघुउद्योजक, तोंड का उघडत नाही, हे कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

ई-मेलमध्ये दोन गोष्टी होत्या. येत्या तिमाहीपासून बिलाचे पैसे ९० ऐवजी १२० दिवसांनी मिळतील. आणि माझ्याकडून जाणारे दोन भाग ‘जागतिक सोर्सिंग धोरणानुसार’ यापुढे व्हिएतनामहून येतील. खाली कुणाचे नाव नाही, नुसते ‘परचेस टीम’. ज्या साहेबांनी माझ्या केबिनमध्ये बसून ‘तुम्ही मशीन घ्या, व्हॉल्यूमची काळजी आमच्यावर सोडा’ असे सांगितले होते, ते बढतीवर सिंगापूरला गेले. त्यांच्या शब्दावर मी बँकेचे कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारे संगणकी मशीन घेतले. शब्द सिंगापूरला गेला, हप्ता भोसरीतच राहिला.

ते मशीन आता प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवले आहे. शेजारी कंपनीची फिक्स्चर आणि गेज, म्हणजे भाग पकडायची आणि मापायची साधने, रचून ठेवलीत. त्यांवर कंपनीच्या मालकीचा पत्रा रिव्हेट केलेला आहे, म्हणून ती मला भंगारात काढता येत नाहीत, विकता येत नाहीत, दुसऱ्याच्या कामाला लावता येत नाहीत. न्यायला या म्हटले तर कुणी येत नाही. गंज चढला तर नुकसानभरपाईची डेबिट नोट माझ्याच नावाने फाटेल, म्हणून एक पोरगा दर शनिवारी त्यांना तेल लावतो. तेल माझे, पगार माझा, जागेचे भाडेही माझे.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे. आहे ना! लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की लघुउद्योजकाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार आली की थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा. वर आयकरात ४३बी(एच) हे कलम आले: ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. वाचताना ऊर भरून येतो. माझ्या नव्या पीओवर, म्हणजे कंपनीच्या खरेदी-ऑर्डरवर, मात्र १२० दिवस छापलेत, आणि त्या पीओवर माझी सही आहे, कारण सही केली नसती तर पीओच नव्हती.

४५ दिवसांच्या त्या घड्याळाचे कंपनी काय करते, तेही ऐका. माल तिच्या गेटवर जातच नाही. तो जातो भाड्याच्या वेअरहाऊसमध्ये, माझ्याच नावावर पडून राहतो. लाइनला लागेल तेव्हा उचलतात, उचलला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघते आणि तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणजे महिनाभर माझे पोलाद, माझी मजुरी आणि माझे बँकेचे व्याज त्यांच्या गोदामात फुकट झोपलेले. बिल निघाले की जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. सरकारला थांबायला वेळ नाही, कंपनीला द्यायला वेळ नाही. वेळ काय तो आम्हा लघुउद्योजकांकडे मुबलक.

केस करा म्हणता? केस केली की दुसऱ्या दिवशी शेड्यूल, म्हणजे मागवलेल्या मालाचा आकडा, शून्यावर येते. लेखी कुणी काही बोलत नाही. नुसती ‘क्वालिटी ऑडिट’ला चार माणसे येतात आणि जो भाग वर्षानुवर्षे पास होत होता त्यात अचानक खोट सापडते.

आता नीतिमत्तेचे ऐका, कारण या विषयात कंपनीचा हात कुणी धरू शकणार नाही. दरवर्षी मला ‘पुरवठादार आचारसंहिता’ येते. चकचकीत इंग्रजी, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का. लाच घेणार नाही, देणार नाही, पर्यावरण जपेन, कामगारांना वेळेवर पगार देईन. हो, वेळेवर पगार! हे मी त्याला लिहून द्यायचे, जो मला तीन-चार महिन्यांनी पैसे देतो. मग ऑनलाइन परीक्षा. मी पास झालो, प्रमाणपत्र आले, बायकोने विचारले कशाचे, तर सांगितले सचोटीचे. त्या दिवशी तिच्या पाटल्या बँकेत गहाण होत्या. अजूनही आहेत. दिवाळीचा बोनस त्यातूनच दिला, आणि माणसे काही बोलली नाहीत, याचेच जास्त वाईट वाटते.

त्या आचारसंहितेत एक हॉटलाइनही आहे. अन्याय वाटल्यास निर्भयपणे कळवा, म्हणे. कळवले. उत्तर आले की आपली तक्रार व्यापारी स्वरूपाची असल्याने नीतिमत्ता विभागाच्या कक्षेत येत नाही, सबब बंद करण्यात येत आहे. गरिबाचे पैसे दाबून ठेवणे हा व्यवहार, आणि मी दिवाळीला परचेसच्या क्लार्कला काजूकतलीचा डबा दिला तर ती लाच!

साहेब, ही एका कंपनीची खोड असती तर मी गप्प बसलो असतो. २०१३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने पुरवठादारांची मुदत ७५ दिवसांवर नेली, तेव्हा जगभर त्याचे कौतुक ‘कार्यक्षम भांडवल व्यवस्थापन’ म्हणून झाले. इंग्लंडात कॅरिलियन नावाची बांधकाम कंपनी होती. वेळेवर पैसे देण्याच्या तिथल्या संहितेवर तिची सही होती आणि प्रत्यक्षात मुदत १२० दिवस. जानेवारी २०१८ मध्ये ती बुडाली तेव्हा सुमारे ३०,००० पुरवठादारांचे जवळपास २ अब्ज पौंड तिच्याकडे अडकले होते. पुरवठादाराचे पैसे वापरून मोठे व्हायचे, यालाच ते लोक स्ट्रॅटेजी म्हणतात. आमच्या गावाकडे याला दुसरा शब्द आहे, पण पत्र मंत्रिमहोदयांना आहे.

इंग्लंडला कशाला जायचे? आपल्या गुहागरात एन्रॉन ही अमेरिकी कंपनी वीजप्रकल्प घेऊन येऊन गेली. १९९२ मध्ये घाईघाईने करार झाला, १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला, तरी आपण वीज घेतली नाही तरी पैसे देऊ असे लिहून दिले. १९९५ मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला, मग परत वाटाघाटी आणि मोठा करार! काही महिने तर विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला, राज्याचे वीज मंडळ कोलमडले, २००१ मध्ये प्रकल्प बंद आणि डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोर. याच एन्रॉनने २००० साली ६४ पानांची नीतिसंहिता छापली होती. ती आज अमेरिकेत संग्रहालयात ठेवलेली आहे. माझी सही असलेली पुस्तिकाही जपून ठेवतोय, कुणाला हवी असल्यास.

आणि तळेगाव. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तिथे कारखाना सुरू केला तेव्हा आमच्या पट्ट्यात पेढे वाटले होते. २०१७ मध्ये कंपनीने युरोपातले ओपल विकले, दक्षिण आफ्रिकेतून पाय काढला आणि भारतात गाड्या विकणे थांबवले. जिथे नफा नाही तिथून निघायचे, असे जागतिक पातळीवर ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. मधल्या काळात चीनच्या ग्रेट वॉल या मोटार कंपनीला कारखाना विकायचे ठरले, राज्याने जून २०२० मध्ये ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला, त्याच महिन्यात गलवानला चीनशी चकमक झाली आणि करार भिजत पडला. शेवटी ह्युंदाईने जागा घेतली. इमारतीला नवा मालक मिळाला, जमिनीला मिळाला. कामगारांना २०२३ मध्ये उपोषणाला बसावे लागले. आणि ज्यांनी तिथल्या भागांसाठी डाय आणि मशीन घेतली होती, त्यांची तर कुठे नोंदसुद्धा नाही. उपोषणालाही युनियन लागते. व्हेंडरला कुठली युनियन?

कंपनीने जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. धंदा आहे, परवडले नाही तर जाईल. व्हिएतनामच्या माणसालाही पोट आहे. पण येताना मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळे तिच्या स्वागताला, आणि जाताना तिला विचारणारा कुणी नाही? येताना राज्य जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात माफी, मुद्रांकशुल्कात माफी. जाताना ‘स्थानिक पुरवठादारांचा हिशेब मिटवला काय’ असा एक ओळीचा कागद मागायचे कुणाच्या डोक्यात येऊ नये?

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्याने १५.७० लाख कोटींचे करार केले. आकडा ऐकून माझ्या कारागिराने विचारले, शून्ये किती? मी म्हटले, मोजू नकोस, चक्कर येईल. त्यातले प्रत्येकी सुमारे ३ लाख कोटींचे दोन करार रिलायन्स आणि जेएसडब्ल्यूशी. दोघांची कार्यालये मुंबईत. मंत्रालयातून टॅक्सीने जाता आले असते, पण तिथे बर्फ पडत नाही. त्या १५ लाख कोटींच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२२ च्या एका अहवालानुसार देशभरातल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचे १०.७ लाख कोटी रुपये उशिरा मिळणाऱ्या बिलांत अडकलेले होते. हे पैसे कुणाकडून आणायचे नाहीत, कुणापुढे पायघड्या घालायच्या नाहीत. ते आमचेच आहेत. नुसते वसूल करून द्या, तुमचे अर्धे दावोस इथेच होईल.

पण ते होणार नाही, कारण त्याला फोटो नाही. परदेशी पाहुण्याशी हस्तांदोलन करतानाचा फोटो छापून येतो. भोसरीतल्या कुणा माणसाचे ४५व्या दिवशी पैसे आले याचा फोटो कसा काढायचा? आणि हे तुमच्याच सरकारचे दुखणे नाही. १९९२ ला कोण होते, १९९५ ला कोण होते, २०२० ला कोण होते, यादी काढा. सगळे पक्ष येऊन जातात. एमआयडीसीत पाणी येते तसे, थोडा वेळ आणि गढूळ. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना गुजरातला गेला तेव्हा सभागृहात केवढी रणधुमाळी! पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या प्रकल्पातून बाहेर पडली. न आलेल्या कारखान्यासाठी सगळ्यांनी छाती बडवली. आलेल्या कारखान्याखाली चिरडलेल्यांसाठी एक तारांकित प्रश्नसुद्धा नाही.

मागणी मोठी नाही. ज्या कंपनीला राज्याचा परतावा द्यायचा, तिने इथल्या लघुउद्योजकांचे पैसे ४५ दिवसांत दिल्याचा सीएचा दाखला आधी घ्या. वेअरहाऊसमध्ये माल पोचला तो दिवस पहिला धरून. कंपनीच्या सांगण्यावरून कुणी खास मशीन घेतले असेल आणि कंपनीने काम काढून नेले, तर उरलेल्या कर्जाचा वाटा तिने उचलावा, असे कलम सामंजस्य करारात घाला. आणि तक्रारदाराचे नाव न उघडता चौकशी करता येईल अशी सोय करा. केंद्राचा विषय आहे असे उत्तर पाठवू नका. सुलभीकरण परिषदा राज्याच्या आहेत, परतावा राज्याचा आहे, करारावर सही राज्याची आहे.

पत्राचे उत्तर आले तर आनंद. १२० दिवसांनी आले तरी चालेल, सवय आहे. तोवर ती फिक्स्चर न्यायला कुणाला तरी पाठवायला सांगा. जागा मोकळी झाली तर तिथे एक जुने लेथ लावून पंपाच्या बुशचे काम सुरू करीन. गिऱ्हाईक खेड तालुक्यातला आहे, माल उचलतानाच रोख देतो.

आपला,
एक लघुउद्योजक
भोसरी एमआयडीसी, पुणे