प्रार्थनाही चालू, गोळ्याही चालू

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेबद्दल मराठी पेपरात काही छापून आलं की ते बहुतेक दोनच प्रकारचं असतं. एक तर डिसेंबरात केक, तारे आणि चर्चची रोषणाई, नाहीतर कुठल्यातरी मैदानात कोणीतरी डोक्यावर हात ठेवून आजार बरे करतो म्हणून झालेला गोंधळ. मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय), आमच्या घरात आजीपासून सगळे मंडळीत (म्हणजे चर्चच्या लोकांत), आणि माझं सगळं आयुष्य गेलं स्टाफ नर्सच्या नोकरीत, तर या दोन टोकांच्या मधे रोज जे चालतं त्याबद्दल लिहावंसं वाटलं, जमलं तर छापा.

पहिलं म्हणजे गोळ्या बंद करा नि नुसता विश्वास ठेवा असं जो कोणी सांगतो त्याला मंडळीत बोलायला उभंच करू नये, मग तो कितीही गोड बोलू दे. डायबेटीस, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, मंत्र-ताईत सगळं त्यात येतं आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. इन्सुलिन बंद केलेले पेशंट मी वॉर्डात बघितलेत, कुणी अंगारा लावून आलेला, कुणी तेल लावून, मशीनवर साखरेचा आकडासुद्धा येत नाही, नुसतं ‘हाय’ दाखवतं, आणि नातेवाईक म्हणतात सिस्टर कालपर्यंत तर चांगले बोलत होते. बायबलात लूकच्या शुभवर्तमानातला तो शोमरोनी (म्हणजे परक्या जमातीतला माणूस) बघा की, रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं नि वर पैसेही भरले, प्रार्थना केली असं तिथे लिहिलेलंसुद्धा नाही. आणि ही गोष्ट सांगतोय कोण तर येशू स्वतः. मिरजेला 1894 साली डॉ. वानलेस यांनी हॉस्पिटल काढलं तेही याच विश्वासातून काढलं, आमच्या नगरला मुक्तीफौजेचं (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं) बूथ हॉस्पिटल आहे, कोविडमधे त्याचं नाव जिल्हाभर झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. मिशन हॉस्पिटलात सकाळी ओपीडीच्या आधी प्रार्थना असते, डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईवाल्या मावशी सगळे एका रांगेत, आमेन झालं की लगेच औषधांची ट्रॉली निघते. मी याच वातावरणात शिकले, त्यामुळे प्रार्थना विरुद्ध विज्ञान असं भांडण टीव्हीवर लागलं की मला कळतच नाही हे नेमके कोणाशी भांडतायत.

आता घरातली प्रार्थना कशी असते ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं काहीतरी गूढ असतं. आठवड्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जमायचं, सतरंजी टाकायची, ढोलकी आणि टाळ, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची एकदोन भजनं (चाली अगदी आपल्या कीर्तनातल्या, शेजारच्या जोशी-पाटलांनाही पाठ झाल्यात), मग शास्त्रवाचन, आणि मग पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) विचारतात प्रार्थनेचे विषय काय काय आहेत. इथे खरी मजा असते. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या पोराचा इंटरव्ह्यू, बोअरला पाणी लागत नाही, सून माहेराहून येत नाही, दहावीचा रिझल्ट. एक आजोबा तर न चुकता शेजाऱ्याच्या म्हशीसाठी प्रार्थना सांगायचे, सगळे हसायचे पण करायचे. शेवटी चहा आणि पारले. आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, रात्री अकराला पण ‘प्रेयर रिक्वेस्ट’ येऊन पडते नि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, ते मला तितकंसं आवडत नाही पण असो.

आमच्यातल्या एका मावशींचे मिस्टर डायलिसिसवर होते. ज्या दिवशी त्यांनी तो विषय सांगितला त्या दिवशी प्रार्थना झाली, डोळे उघडले आणि लगेच एकीने विचारलं, गुरुवारी सोबत कोण जातंय? रिक्षावाला ठरला, डबा कुणी द्यायचा ते ठरलं, एका पोराने योजनेच्या कागदांची फाईल लावून दिली कारण मावशींना फॉर्म कळत नव्हते. आमेननंतरची ही जी वाटणी होते ना, माझ्या मते निम्मी प्रार्थना ती आहे. मोठ्याने नाव घेऊन चारचौघांत सांगितलेलं दुखणं मग लपवता येत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही मला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

ते काका वाचले नाहीत. मावशी अजूनही येतात, भजनात आवाज लावतात, पण त्यांना कोणी ‘साक्ष’ द्यायला उभं केलेलं मी पाहिलं नाही आणि हे मला खटकतं. आमच्याकडे साक्ष म्हणजे गाठ विरघळली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, नोकरी लागली. बरं झालेल्यांचं कौतुक जरूर करा पण ज्याचं माणूस गेलं आणि तरी तो रविवारी येऊन बसतो त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं की नाही? बायबलातल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सलणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिलाच, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. बायबलच्या स्तोत्रांमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. मी नाईट ड्युटीला ते पुष्कळदा वाचलंय, पेशंटच्या बायकोला वाचून पण दाखवलंय, त्या बाई म्हणाल्या हे बरंय, देवाशी असंही बोललेलं चालतं तर. त्यानंतर त्या थोड्या रडल्या नि पहिल्यांदा जेवल्या. मला आरोग्य म्हणाल तर हे पण आरोग्यच वाटतं.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने, आणि 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. इतकी प्रार्थना करणारी बाई, तिला देवाने दुःखातून सूट दिली असं कुठे दिसतं? पण त्याच काळात पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो विधवा आणि अनाथ पोरींना त्यांनी छप्पर दिलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि मुक्ती मिशन आजही चालू आहे. त्यांच्या प्रार्थनेचा हिशोब करायचाच असेल तर तिथे जाऊन करावा.

एक मागणी आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. सरकारी हॉस्पिटलात आयसीयूच्या बाहेर नातेवाईक जिन्यात बसलेले असतात, कोणी जपमाळ ओढतंय, कोणी नमाजाला जागा शोधतंय, कोणी हनुमान चालीसा मोबाईलवर हळू आवाजात, आमचे लोक डोळे मिटून पुटपुटत असतात, आणि वॉचमन सगळ्यांनाच सारखा उठवत असतो, त्याचंही बरोबर आहे, स्ट्रेचर जायला वाट पाहिजे. मिशन हॉस्पिटलात चॅपल असतं, तशी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक साधी खोली का असू नये, कुठल्याही धर्माचा फोटो नको, पंखा, चार बाकडी आणि आयसीयूतून हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ. जागा निघाली तर बाकड्यांचा खर्च आमची मंडळी करेल, तेवढं मी मागच्या मीटिंगमधे विचारून ठेवलंय.

– एक निवृत्त स्टाफ नर्स, अहिल्यानगर