ओट्यावरची शिकवणी: ग्रंथपाल काकांस

आदरणीय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, चहा टाकू का?’ म्हणून विषयच बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

आठवतं, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या ओट्यावर मी रडकुंडीला येऊन बसले होते? आमच्या वॉर्डात कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी, तीन दिवसांनी बदलायचाच, असा नियम. त्या दिवशी एका आजींची शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, जुनी चालत होती ना, मग काढलीस कशाला?’ मला उत्तर देता आलं नाही. वैद्यकीय संशोधन शोधायच्या विकतच्या डेटाबेसचा पासवर्ड आमच्याकडे फक्त डॉक्टरांना. सिस्टरला काय करायचाय, म्हणे! संशोधनपत्रिका वाचायला खुल्या करणारी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली खरी, पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचं रुग्णालय खासगी.

तुम्ही लॅपटॉपला हातही लावला नाहीत. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून चार चौकोन काढलेत: कोणाला, काय करायचं, कशाऐवजी, आणि त्यातून काय बघायचं. माझं लांबलचक वाक्य त्या चौकोनांत बसेपर्यंत चहा निवला. मग पबमेड, वैद्यकीय संशोधनलेख शोधायची वेबसाइट. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं, १९९७ पासून सगळ्यांना फुकट, आणि मी इतकी वर्षं गूगलवर चाचपडत होते! कोणी कॅन्युला लिहितं, कोणी कॅथेटर. या सगळ्यांना एकाच खुंटीला टांगणारे ‘मेश’चे, म्हणजे पबमेडच्या ठरलेल्या विषयसूचीतले, शब्द तुम्ही दाखवलेत. शोधताना शब्दांमध्ये घातलेला ‘ऑर’ म्हणजे हे नाहीतर ते, ‘अँड’ म्हणजे दोन्ही हवेतच. न संपणारी यादी बघता बघता दोन पानांवर आली.

त्यातच कॉक्रनचा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१९ चा आढावा सापडला. ठरल्या दिवशी बदला किंवा गरज पडेल तेव्हा बदला, शिरेची सूज आणि रक्तातला संसर्ग यांत ठळक फरक नाही! मी आनंदाने उठले, तर तुम्ही म्हणालात, ‘बस. पुढचं वाच.’ पुढे होतं की नेमाने बदलल्यास नळी तुंबण्याचं आणि औषध बाहेर झिरपण्याचं प्रमाण बहुधा कमी राहतं. मला हवं तेवढंच उचलून मी पळत होते, काका. त्या ‘बस’चे आभार सगळ्यांत जास्त.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले आणि पुढे पेट्यांतून गावोगाव पुस्तकं गेली, हे तुमच्याकडून शंभरदा ऐकलंय. (काकू तर पाठ म्हणून दाखवतात.) त्या दिवशी पेटी माझ्या दारी आली, असं वाटलं.

नियम अजून बदललेला नाही. पण इन्चार्ज सिस्टरनी दोन्ही बाजू वाचल्या आणि कागद संसर्ग समितीकडे पाठवला. आता आम्ही दर पाळीला कॅन्युलाची जागा बघून वहीत लिहितो: लाली, सूज, दुखणं.

रात्रपाळीच्या दोघी जणी ते चार चौकोन शिकवा म्हणून मागे लागल्यात. एकीचा प्रश्न अंथरुणातल्या जखमांचा आहे. रविवारी तिला घेऊन येते. कॅलेंडरची पानं फेकू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर