शिकागोच्या दंतकथेत न मावलेली माणसे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील शिकागो शहरावरील लेख वाचला. कुख्यात टोळीप्रमुख अल कपोनला वगळून त्या शहराविषयी लिहिता येत नाही, हे मान्य. परंतु १९३० च्या अखेरीस, मंदीच्या दिवसांत त्याने बेकारांसाठी उघडलेल्या अन्नछत्राचा दाखला देऊन त्याला गोरगरिबांचा कैवारी ठरवणे मला अत्यंत खटकले.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी रांगेत उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या गणवेशात आले होते. मृतांमध्ये कपोनच्या वैरी टोळीतील माणसे होती, तसाच ट्रकची दुरुस्ती करणारा जॉन मे हा मेकॅनिकही होता. या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. १९६७ मध्ये ते गॅरेज पाडले गेले, तेव्हा त्या भिंतीच्या विटा मात्र हौसेने जपल्या गेल्या आणि त्यांतील बऱ्याचशा आज लास वेगासच्या एका संग्रहालयात मांडलेल्या आहेत. विटांचे एवढे अप्रूप वाटावे आणि जॉन मे कोण, हे फारसे कोणी विचारू नये, याची खंत वाटते.

अमेरिकेतील त्या काळच्या दारूबंदीमुळे टोळ्यांच्या हाती अफाट पैसा आला हे खरे, पण राजकारण्यांचे आणि पोलिसांचे अभय नसते, तर त्या एवढ्या माजल्या नसत्या. एप्रिल १९२८ मधील पक्षांतर्गत निवडणुकीत ऑक्टेव्हियस ग्रॅनडी हा कृष्णवर्णीय वकील विसाव्या वॉर्डातील प्रस्थापित नेत्याविरुद्ध उभा राहिला आणि मतदानाच्याच दिवशी मोटारीतून पाठलाग करून त्याला ठार मारण्यात आले. त्या हत्येबद्दलही कोणी दोषी ठरले नाही. ज्या शहरात उमेदवाराचा असा जीव जातो, तेथील गुंडांच्या ऐटबाज पोशाखाचे आणि दानशूरपणाचे रसभरीत वर्णन करताना लेखणी थोडी तरी अडखळायला हवी होती.

कपोनला १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये अकरा वर्षांची कैद झाली, तीही प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. त्याच वर्षी शिकागोच्याच जेन ॲडम्स यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत ‘हल हाऊस’ हे समाजसेवा केंद्र उभारून त्यांनी चार दशके काम केले होते. त्यांच्यावर आणि ग्रॅनडी यांच्यावर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक