लाट केंद्रांनी आणली नाही

महोदय,

‘कोरियन सरकारने देशोदेशी सांस्कृतिक केंद्रे उघडली, म्हणून जग कोरियन गाण्यांवर नाचू लागले, मराठीसाठीही तसेच करा,’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. सनावळी मात्र वेगळेच सांगते. दक्षिण कोरियाचे पहिले केंद्र टोकियोत उघडले १९७९ साली, न्यूयॉर्कचेही त्याच वर्षी. टोकियोचे उघडले तेव्हा कोरियात पार्क चुंग-ही यांची हुकूमशाही होती. जपानी गृहिणींना कोरियन मालिकांचे वेड लागले २००३ नंतर. मधली चोवीस वर्षे टोकियोचे केंद्र काही बंद नव्हते!

फरक पडला तो मायदेशी. १९९६ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी कलांना पैसा दिला आणि ‘मदत करू, ढवळाढवळ करणार नाही’ हे धोरण ठेवले. ते पुढे पाळले गेलेच असे नाही. पुढच्या एक राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे यांच्या काळात नावडत्या कलावंतांची काळी यादी निघाली. तिच्यात चित्रपट दिग्दर्शक बोंग जून-हो होते, लेखिका हान कांगही होत्या. एकाला २०२० मध्ये ऑस्कर, दुसरीला २०२४ मध्ये नोबेल! सरकारी पसंतीवर सोडले असते तर कोरियाची शोभा कोणी वाढवली असती, कोण जाणे.

म्हणून केंद्रे निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. गोडी लागलेल्या माणसाला पुढची वाट दाखवणे हे त्यांचे खरे काम, आणि ते ती चोख करतात. दिल्लीत लाजपतनगरला २०१२ पासून केंद्र आहे. तिथे भाषा, तायक्वांदो, स्वयंपाक सारे शिकवतात. निव्वळ भाषेसाठी २००७ पासून ‘किंग सेजोंग’ संस्था आहेत, आज जगभर दोनशेहून अधिक. माझ्या भाचीने पुण्यात घरबसल्या कोरियन शिकायला घेतले. लिपीची मूळ अक्षरे अवघी चोवीस. दुसऱ्या आठवड्यात पोरगी खाऊच्या पुड्यांवरची नावे वाचू लागली. (अर्थ विचारू नये, एवढीच अट.)

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. रांजणगावच्या कारखान्यात आलेल्या एखाद्या कोरियन अभियंत्याला उद्या ‘अ आ इ’पासून मराठी शिकावेसे वाटले, तर त्याने कोणत्या पत्त्यावर जावे, असे भाचीने परवा मला विचारले. मी अजून शोधतो आहे.

– एक वाचक, पुणे