विहिरीजवळची सफरचंदं

निफाड, जि. नाशिक
५ जून

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, काल तू पुण्यात ताईकडचा जिना चढलीस हे ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. घाई मात्र करू नकोस.

बाबा, विहिरीजवळची तुमची दोन्ही सफरचंदाची झाडं काल उतरवली. ४३ फळं निघाली. चार वर्षांपूर्वी तुम्ही रोपं आणलीत, तेव्हा द्राक्षाच्या गावात सफरचंद कुठून येणार, असं मी तुमच्या तोंडावर बोललो होतो. चुकलं माझं. ही एचआरएमएन-९९ जात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी हिमाचलच्या उष्ण भागातच काढली, हे तुम्ही तेव्हाच सांगत होतात. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशीचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

डिसेंबरात तुम्ही फोनवर सांगितलंत तसं पाणी तोडलं आणि हातानं पानगळ केली. नेहमीच्या जातींना सात अंशांखालची हजारेक तास थंडी लागते. आपल्याकडं कडाका पडतो, पण तो चार दिवसांचा; ही जात तेवढ्यावर भागवते. फेब्रुवारीत फुलं आली, पांढरी, कडेला गुलाबी. झुपक्यात एक-दोनच फळं ठेवली, द्राक्षमण्यांची विरळणी करतो तशी. आई, तुझ्या जुन्या पातळाचे तुकडे फळांना बांधले, म्हणून राघूंपासून वाचली.

आधी एक कापून पाहिलं. बिया तपकिरी झाल्या होत्या, म्हणजे तयार. मग एकेक फळ तळहातावर घेऊन वर उचलायचं आणि जरासं फिरवायचं. पिकलेलं देठासकट हातात येतं. जे आलं नाही ते झाडावरच ठेवलं. हिसका दिला तर आखूड काडी मोडते, आणि पुढच्या वर्षीचा बहर तिच्यावरच यायचा असतो.

साठवताना आपली कांदाचाळच आठवत होती. एक सडका कांदा सगळी रास नासवतो, तसंच इथंही. डागी, टोचलेली सहा बाजूला काढली, त्यांचा हिनं मुरांबा केला. बाकीची न धुता, एकेक कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत. कोथिंबीर, मेथी तिथून हलवली, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पालेभाजी पिवळी पडते. थंड मुलखातली फळं शीतगृहात महिनोन् महिने राहतात. ही उन्हाळ्यात पिकलेली, लवकर मऊ पडतात, त्यामुळं तुम्ही परत येईपर्यंत थांबता येणार नाही.

म्हणून रविवारी पहिल्या गाडीनं पुण्याला येतोय. घरात अजून कुणी फोडसुद्धा चाखलेली नाही. कापून पाहिलेलं गायीला घातलं, मुरांब्याची बरणीही बंद आहे. बाबा, पहिलं तुम्ही कापा आणि आईला द्या.

आपला,
बाळू