वाकळीवरचा लॅपटॉप आणि सहा पंख्यांचा पॅड

स्टुटगार्ट, जर्मनी
१२ एप्रिल

तीर्थरूप आबा व आई यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की छोटीचा लॅपटॉप दुपारी इतका तापतो की कीबोर्डवर बोट टेकवत नाही, आणि परभणीतल्या दुकानदाराने सहा पंख्यांचा, निळे दिवे असलेला कूलिंग पॅड घ्यायला सांगितले आहे. मी घाईत होतो, म्हणून ‘आठवडाभर थांबा, सविस्तर लिहितो’ एवढेच बोललो. तिच्या आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे काम ऐन रंगात आहे आणि अशा वेळी यंत्राने दगा देऊ नये, हा घोर मलाही आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की पॅड गारवा तयार करत नाही. त्यात कॉम्प्रेसर नसतो, कूलरसारखे पाणीही नसते. खोलीत जी हवा आहे तीच तो लॅपटॉपच्या पोटाखाली लोटतो. माझ्या खोलीत आज २१ अंश आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ पर्यंत जातो आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी त्याहूनही जास्त होत असणार. इतकी तापलेली हवा कितीही जोराने मारली तरी तिच्याकडून गारव्याची अपेक्षा करता येत नाही. म्हणून छोटीने आपले टेबल वरून उचलून खाली माळवदाच्या मधल्या खोलीत आणावे. जाड भिंती आणि वरच्या मातीमुळे ती खोली दुपारीही किती निवांत असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकही रुपया न खर्चता तिथे जो फरक पडेल, तो बहुतेक पॅडना साधणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला ट्रॅक्टरवरून लगेच पटेल. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या पात्यांमध्ये भुसा अडकायचा, काटा वर चढायचा, आणि तुम्ही इंजिन बंद करून हवेच्या पाइपाने जाळी मोकळी करायचात. लॅपटॉपमध्येही तांब्याच्या नळ्या प्रोसेसरची उष्णता बारीक पात्यांपर्यंत आणतात आणि पंखा त्या पात्यांतून हवा फुंकतो. आपल्या घरात कापसाचे तंतू आणि धूळ यांना तोटा नाही. दोन वर्षांत त्या पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर बसतो. तो काढल्याशिवाय पॅड घेणे म्हणजे भुसा तसाच ठेवून रेडिएटरपुढे आणखी एक पंखा बांधणे होय. सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी आणि हवा मारताना आतला पंखा काडीने अडवून धरायला सांगावे, कारण तो मोकळा गरगर फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. प्रोसेसरची उष्णता नळ्यांकडे नीट पोहोचावी म्हणून मधे लावलेला लेप, म्हणजे थर्मल पेस्टही वाळला असल्यास त्याच वेळी बदलून घ्यावा.

आणि छोटी लॅपटॉप वाकळीवर ठेवून काम करते, असे आई म्हणाली. हे मात्र आजपासून बंद व्हावे. तिच्या लॅपटॉपला हवा खालच्या झरोक्यांतून लागते आणि वाकळ ते झरोके पूर्ण बुजवते. खाली ओला टॉवेल अंथरण्याचा उपायही तिने कृपा करून करू नये. पाण्याचा एक थेंब आत गेला तर दुरुस्तीचा खर्च पॅडच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल. खोलीत कूलर जरूर चालू असावा, आपल्या कोरड्या उन्हात तो उत्तम काम करतो, पण त्याचा झोत थेट यंत्रावर नसावा.

आता पॅडविषयी. मीही इथे आल्यावर पहिल्यांदा सहा पंख्यांचाच घेतला होता आणि तापमानात जेमतेम दोन अंशांचा फरक पडला. लॅपटॉप उलटा करून पाहिल्यावर कारण समजले: पॅडचे चार पंखे जिथे हवा मारत होते तिथे लॅपटॉपचा तळ बंद पत्र्याचा होता, आणि खरे झरोके तळाच्या मागच्या कडेला, बिजागरीजवळ होते. हवा पत्र्यावर आपटून बाजूने निघून जात होती. तेव्हा पंख्यांची संख्या मोजू नये, झरोक्यांची जागा पाहावी. लॅपटॉप चालू असताना मागची कड थोडी उचलून पातळ कागदाचा तुकडा तळाशी धरला, तर तो जिथे ओढला जातो तिथून हवा आत जाते. पॅडचे पंखे नेमके त्या जागेखाली यायला हवेत.

आणखी एक हिशेब आहे. पॅड लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालत असेल, तर जुन्या २.० पोर्टमधून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात आणि ३.० मधून साडेचार. छोटीच्या लॅपटॉपचा चार्जर २३० वॅटचा आहे. एवढ्या उष्णतेपुढे अडीच वॅटमध्ये सहा पंखे आणि दिवे चालवायचे म्हटल्यावर प्रत्येक पंख्याच्या वाट्याला काय येणार? म्हणून असल्या ताकदवान यंत्रासाठी मला दुसरा प्रकार योग्य वाटतो. त्यात एकच मोठा ब्लोअर असतो, त्याला भिंतीतून वेगळा अडॅप्टर लागतो, आणि वर चारही बाजूंनी स्पंजची जाड कड असते. लॅपटॉप तिच्यावर दाबून बसला की हवेला बाजूने निसटायला वाट उरत नाही आणि ती झरोक्यांतूनच आत शिरते. असा पॅड काही पटींनी महाग असतो आणि आवाजही मोठा करतो, त्यामुळे आईच्या दुपारच्या झोपेच्या वेळी वेग कमी ठेवावा लागेल. त्याला धुता येणारी धुळीची जाळी हवीच, नाहीतर तो अंगणातली धूळ नेटाने आत भरेल. स्पंजची कड मागचे, गरम हवा बाहेर टाकणारे झरोके झाकत नाही ना, हेही दुकानातच लॅपटॉप ठेवून पाहावे.

पण पैसे देण्यापूर्वी छोटीने एक चाचणी करावी. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालू करून एकच रेंडर, म्हणजे आराखड्यावरून खरेखुरे वाटणारे चित्र तयार करण्याचे काम, तीन वेळा करावे: लॅपटॉप टेबलावर सपाट असताना, मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणे ठेवून, आणि शक्य झाल्यास मैत्रिणीचा पॅड वापरून. खोली तीच आणि वेळही साधारण तीच असावी. दर वेळी तापमानासोबत रेंडरला लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. मिनिटांना माझ्या मते अधिक महत्त्व आहे. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते; तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हवा चांगली मिळू लागली की तो वेग पुन्हा वाढवतो, आणि त्यामुळे आकडा ९५ वरच दिसतो, काम मात्र लवकर उरकते. आकडा हलला नाही म्हणून पॅड निकामी ठरवणारे मी इथे पाहिले आहेत. झाकणांनीच पुरेसा फरक पडला, तर आबा, खरोखर काहीही विकत घेऊ नका.

छोटीने तळाचा एक फोटो काढून पाठवावा आणि लॅपटॉपची लांबी-रुंदी टेपने मोजून, तिन्ही वेळच्या मिनिटांसह कळवावी. रविवारपर्यंत मिळाल्यास कोणता पॅड घ्यायचा ते मी फोनवर सांगेन. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

छोटीस अनेक आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मोठा