गेटवरच्या फोनचा अ‍ॅडॅप्टर बदलू नका

दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : वॉचमन केबिनमधला इंटरनेट फोन

स. न. वि. वि.

येत्या रविवारच्या सभेत केबिनसाठी, साधा फोन इंटरनेटला जोडून देणारा नवा फोन अ‍ॅडॅप्टर घ्यायचं कोटेशन मंजुरीला येणार, असं नोटीस बोर्डावर वाचलं. तो विषय कृपया थांबवावा. अ‍ॅडॅप्टर धडधाकट आहे. दुखणं राऊटरमध्ये आहे, आणि ते फुकटात बरं होण्यासारखं आहे.

काय होतंय ते आपल्या कानावर आलंच असेल. केबिनमधून फोन येतो, वॉचमनमामांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण आपलं बोलणं त्यांना पोचत नाही. परवा आमच्या आईला फोन आला, "काकू, फागलं घेऊन बाई आलीय, वर पाठवू?" (फागलं म्हणजे करटोली, पावसाळी रानभाजी.) आई म्हणाली पाठव. मामा म्हणाले हॅलो. आई ओरडली, अरे पाठव! मामांचं आपलं हॅलो, हॅलो. आई जिना उतरून खाली जाईपर्यंत फागलं समोरच्या बंगल्यात विकली गेली होती. ऐन श्रावणात हे आईला फार लागलंय, त्यामुळे मलाही हात घालावा लागला.

आधी मला वायरचा संशय आला. फोनची पिन काढून पाहिली तर तारांवर हिरवट कीट चढलेली. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात नवल नाही. स्पिरिटने पुसली, दुसरी वायर लावली, फोनचा डबा बदलला. फरक शून्य. अ‍ॅडॅप्टरवरचा फोनचा दिवा मात्र हिरवा होता, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी त्याची ओळख नीट पटत होती. मग सेक्रेटरींना विचारून शनिवारी अ‍ॅडॅप्टर घरी आणला आणि माझ्या राऊटरला जोडला. आईच्या मोबाइलवर फोन लावला, दोन्हीकडून खणखणीत आवाज. तेव्हाच कळलं की यंत्राचा दोष नाही.

माझ्या राऊटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची, इंटरनेट फोनच्या निरोपांत मध्ये पडणारी एक सोय आहे, ती मी बंद ठेवलेली असते. मुद्दाम चालू केली. लगेच तेच हॅलो, हॅलो. बंद केली, बोलणं सुरू. तीनदा करून पाहिलं.

ही भानगड अशी. फोन लावताना अ‍ॅडॅप्टर समोरच्याला कळवतो की माझ्याकडे आवाज या पत्त्यावर पाठव. एएलजी मदतीच्या हौसेनं तो मजकूर उघडून आतला पत्ता बदलतो. आंब्याच्या पेटीवरचा पत्ता डेपोतल्या कुणी परस्पर 'सुधारावा' आणि पेटी भलत्याच गावी उतरावी, तसं आपलं बोलणं भलतीकडे जातं. मामांचं बोलणं बाहेर जाणारं, त्याला पत्ता बरोबर मिळतो, म्हणून ते ऐकू येतं.

आता हे अचानक का झालं? ६ ऑगस्टला सकाळी सोसायटीच्या वायफायचं नाव बदलून राऊटरचं मूळ नाव दिसत होतं आणि गेटचे कॅमेरे बंद होते, आठवतं का? रात्रीतून राऊटर अपडेट झाला आणि आपली सगळी सेटिंगं पुसली जाऊन एएलजी पुन्हा चालू झालं, असं माझं मत आहे. कॅमेरे दुसऱ्या दिवशी कुणीतरी चालू करून दिले, फोनकडे कुणी पाहिलं नाही.

एक कळकळीची विनंती. कोटेशन देणाऱ्या मुलाने केबिनमध्ये येऊन रिसेटच्या भोकात पिन खुपसायचा प्रयत्न केला होता, मामांनी अडवलं म्हणून बरं. अ‍ॅडॅप्टर रिसेट झाला की खात्याची माहिती जाते, राऊटर रिसेट झाला तर इंटरनेटचा आयडी-पासवर्डही जाऊ शकतो. मग गणपतीत, चाकरमानी गेटवर उभे असताना, आपण कंपनीला फोन लावत बसू.

राऊटरचा पासवर्ड बसवून देणाऱ्याकडेच आहे आणि तो फोन उचलत नाही. पासवर्ड आपण अध्यक्ष म्हणून मागून घ्यावा आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एएलजी बंद करायची सोय काढून टाकली असेल, तर फोनसेवेच्या कंपनीकडून ५०६० हा इंटरनेट फोनचा नेहमीचा पोर्ट (निरोपांची वाट) सोडून दुसरा पोर्ट किंवा टीएलएस, म्हणजे एएलजीला उघडता न येणारे कुलूपबंद निरोप, मागावं लागेल, पण तो पुढचा मुद्दा.

आणखी एक, विषयाला धरूनच. राऊटर यूपीएसवर आहे, पण अ‍ॅडॅप्टर पंख्याच्या बोर्डात खुपसलेला आहे. वीज गेली की गेटचा फोन मुका. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून पावसाळ्यात घरात मिट्ट काळोख असला तरी फोन वाजायचा. हा तसा नाही. काही वॅटच खातो, त्याच यूपीएसवर लावावा.

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर मी घरी आहे. पासवर्ड मिळाला आणि समितीपैकी कुणी सोबत बसलं, तर सोसायटीच्या राऊटरमधलं एएलजी बंद करणं दहा मिनिटांचं काम आहे. गणपती बुधवारी, २७ तारखेला आहेत. चाचणीचा पहिला फोन आमच्या आईला लावावा, तिला मामांशी थोडं बोलायचं आहे.

आपला,
एक सभासद, बी विंग, सदनिका ३०४